सौभाग्याची सहा वर्षं

सिंधू कोळीचा नवरा जिवंत होता, एवढाच काय तो तिचा दोष.

तो कुठे होता, कसा होता, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड करून बसला. पण सरकारदरबारी तो हयात होता. म्हणून भुसावळच्या वयमापन केंद्रातल्या यंत्राने सिंधूच्या बोटातला थेंब पाहून जो आकडा काढला, त्यात सहा वर्षं मिळवली गेली. यंत्र म्हणत होतं, चोपन्न वर्षं एक महिना. कागदावर उमटलं, साठ वर्षं एक महिना. साठ ओलांडली की माणूस निवृत्त. बावीस वर्षं बसचं चाक हातात धरलेली बाई एका कागदासरशी घरी बसणार होती.

"मॅडम, माझ्यासंगं सुमन इंगळे असते, कंडक्टर," सिंधू म्हणाली. "मागच्या हप्त्यात तिनं बोट दिलं. तिचं पण चोपन्नच आलं ना?"

"आलं," उज्ज्वला भिरूड म्हणाली. केंद्रातली ती मुख्य तंत्रज्ञ. खोटं बोलायची सोय नव्हती.

"मग ती कामावर आन् मी घरी?"

"त्यांचे यजमान वारलेत. विधवांना सहा वर्षांची भर लागत नाही."

सिंधूने कागद पुन्हा एकदा वाचला. मग ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

"म्हणजे माझा तो मुडदा मरेपर्यंत मी म्हातारी. आन् उद्या तो मेल्याचा दाखला आणला, तर परत तरणी?"

नियमाप्रमाणे उत्तर 'हो' असं होतं. उज्ज्वलाने पुढचा अर्ज ओढला. शेजारी बसलेल्या नजमा तडवीने, तिच्या सहायिकेने, मान खाली घातली.

"माझी आई सत्ताविसाव्या वर्षी रांडावली," सिंधू उठता उठता म्हणाली. "जन्मभर तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तवा विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नव्हते, आता सवाष्णीला कामावर बोलवत नाहीत. तुमचं शास्त्र लई हुशार आहे, मॅडम."

ती गेली. दार मात्र तिने हळूच लावलं, आणि तेच उज्ज्वलाला जास्त लागलं.

शास्त्र खरोखर हुशार होतं, त्यात वाद नव्हता. आपल्या पेशीपेशीत जनुकांची एक पोथी असते. वय वाढतं तशी त्या पोथीतली अक्षरं बदलत नाहीत, पण कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, याच्या बारीक रासायनिक खुणा तिच्यावर पडत जातात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या अशा काही हजार खुणा वाचल्या, की शरीर किती झिजलंय ते सांगता येतं. पूर्वी या कामाला मोठी प्रयोगशाळा आणि महिनाभर वेळ लागे. आता शिलाई मशीनएवढं यंत्र वीस मिनिटांत सांगतं. जन्मतारखेवर निवृत्त करण्यापेक्षा हे केव्हाही न्याय्य, असं सगळ्यांनाच वाटलं. शरीरवय कायदा झाला, बाई असो की बुवा, साठ म्हणजे साठ. पेढेसुद्धा वाटले गेले.

मग यंत्रं आली आणि भलतंच दिसायला लागलं. त्याच जन्मसालाच्या पुरुषांपेक्षा बायकांची शरीरं दोनेक वर्षांनी तरुण निघत होती. म्हणजे बायका पुरुषांपेक्षा जास्त दिवस खुर्चीत बसणार! हे कसं चालेल? शरीरवय आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनंत टेंभेकर यांनी आपली चौदा वर्षांपूर्वीची पाहणी बाहेर काढली. राज्यातल्या अकरा हजार बायकांचं रक्त तेव्हा तपासलं होतं, आणि बाईचं शरीर तिच्या जन्मवयाहून सहा वर्षं जास्त झिजलेलं असतं, पुरुषाचं नसतं, असं त्यात दिसलं होतं. यंत्र परदेशी, त्याला आपल्या बायकांचे कष्ट कुठून कळणार? तेव्हा बाईच्या आकड्यात सहा वर्षं मिळवायची. आपल्या मातृशक्तीला हक्काची विश्रांती. बोलायला साठ-साठ, आणि वागायला पुरुषाला साठ, बाईला चोपन्न.

गंमत अशी, की त्या पाहणीत विधवांची झीज वाढलेली दिसत नव्हती. टेंभेकरांनी त्याला 'वैवाहिक जबाबदाऱ्यांचा जैविक ताण' असं भारदस्त नाव दिलं आणि विधवांना भर माफ केली. वर्तमानपत्रांना आठवडाभर विनोदाला विषय मिळाला. नवरा म्हणजे सहा वर्षं सक्तमजुरी, असं कोणीतरी लिहिलंही. हसून झाल्यावर सगळे कामाला लागले. कामाला म्हणजे, ज्यांना काम उरलं होतं ते.

उज्ज्वलाची स्वतःची तपासणी दहा दिवसांवर होती. मागच्या तपासणीत यंत्राने तिला त्रेपन्न वर्षं आठ महिने दिले होते. या वेळी चोपन्न ओलांडणार, हे ती बोटाला सुई न टोचताही सांगू शकत होती.

घरी पोचली तेव्हा सासूबाईंना सांभाळणारी लीलाबाई ओट्याशी तोंड पाडून उभी होती. सासूबाईंची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांना उठवणं, भरवणं, पुसणं सगळं लीलाबाई करायची.

"एक तारखेपासून येऊ नको, म्हणाले साहेब," ती म्हणाली.

दिगंबर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. पाटबंधारे खात्यात उपअभियंता, शरीरवय अठ्ठावन्न, अजून दोन वर्षं तरी ऐटीत मोटारीतून फिरणार.

"अहो, लीलाबाईला नको म्हणालात?"

"मग? तू घरीच असशील ना आता. आईला घरचं माणूस मिळेल."

"मला विचारलंत?"

"अगं, त्यात काय विचारायचं? कायद्यानेच विश्रांती दिलीय तुला. एकतीस वर्षं केलीस नोकरी, पुरे झालं की." आणि वर त्याने पान उलटलं.

उज्ज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. विश्रांती म्हणे! एका आजारी बाईला दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवायचं, याला या घरात विश्रांती म्हणत होते. ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांना पाणी पाजताना सिंधूचं बोलणं तिच्या डोक्यात घोळत राहिलं. हळदीकुंकवाला बोलावलं नाही. हळदीकुंकवाला.

भांडं तिच्या हातात तसंच राहिलं.

चौदा वर्षांपूर्वी टेंभेकर त्या पाहणीचे प्रमुख होते आणि उज्ज्वला त्यांच्या हाताखालची तंत्रज्ञ. बायका रक्त द्यायला दवाखान्यात येईनात. कोणाला वेळ नाही, कोणाच्या घरचे सोडत नाहीत. तेव्हा टेंभेकरांना युक्ती सुचली. चैत्रात महिला मंडळांची हळदीकुंकवं असतात, तिथे बायका आपण होऊन जमतात, तिथेच नमुने घ्या. सगळ्या राज्याने त्या कल्पनेची पाठ थोपटली. उज्ज्वला गावोगाव पत्र्याच्या सभागृहांतून फिरली. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन. एका हाताला हळद, कुंकू, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, दुसऱ्या हाताला तिची सुई. नळ्या ठेवायला बर्फाची पेटी होती. पण बायका घामाने भिजलेल्या, पन्हं गरम, आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई काकुळतीला आलेल्या. बर्फ पन्ह्यात गेला. प्रत्येक गावात गेला. नळ्या टेबलाखाली स्टीलच्या डब्यात पडून राहायच्या. शेवटच्या बाईची ओटी भरून झाली, की गाडी आधी पाहुण्यांना घरी सोडायची आणि मग नळ्यांना. फ्रीज दिसायला पाच-पाच तास लागत.

अर्जावर एक रकाना होता, 'नमुना अर्ध्या तासात बर्फात ठेवला'. तिने टेंभेकरांना फोन करून विचारलं होतं. "होय लिहा. सगळेच लिहितायत," ते म्हणाले होते. तिने चारशे बारा वेळा 'होय' लिहिलं, आणि प्रत्येक वेळी खाली सही केली.

पुरुषांचं रक्त घेतलं ते कारखान्यांत आणि कचेऱ्यांत, सकाळच्या वेळी, शेजारी फ्रीज ठेवून. आणि विधवांचं? विधवांना हळदीकुंकवाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आरोग्य केंद्रात बोलावलं होतं. सुई काढली की नळी थेट फ्रीजमध्ये.

म्हणजे ती सहा वर्षं बाईच्या शरीरात नव्हतीच. ती टेबलाखालच्या डब्यात होती. आणि तो डबा तिथे उज्ज्वलाने ठेवला होता.

खात्री करून घ्यायला एक रविवार पुरला. केंद्र बंद होतं, किल्ली नजमाकडे होती, आणि ऊन चैत्राचंच होतं. उज्ज्वलाने तिघांचं रक्त घेतलं, स्वतःचं, नजमाचं आणि दिगंबरचं. "तुझं काय काय असतं," असं पुटपुटत का होईना, त्याने हात पुढे केला होता. प्रत्येकाच्या दोन नळ्या. एक लगेच यंत्रात, दुसरी स्टीलच्या डब्यात घालून पंखा नसलेल्या खोलीत, पाच तास. यंत्रातली भर तिने बंद ठेवली.

दुपारी तीन वाजता डब्यातल्या नळ्या यंत्रात गेल्या. नजमाचे तेहतीसचे एकोणचाळीस झाले. उज्ज्वलाचे चोपन्नचे साठ. दिगंबरचे अठ्ठावन्नचे चौसष्ट.

"हे कसं काय, ताई?" नजमाने विचारलं.

"गावातली तरणी पोरं शहरात निघून गेली की गावाचं सरासरी वय वाढतं ना, तसं. रक्तात नव्या दमाच्या पेशी असतात आणि मुरलेल्या असतात. उष्णतेने नव्या आधी मरतात. उरतात त्या म्हाताऱ्या, आणि यंत्र त्यांचंच वय वाचतं. बाईचं असो की पुरुषाचं."

"म्हणजे साहेब पण म्हातारे झाले," नजमा म्हणाली. "हळदीकुंकू न घेताच."

दोघी हसल्या. मग उज्ज्वलाला रडू आलं, आणि रडताना तिला स्वतःचा इतका संताप आला, की तिने तो डबा भिंतीवर भिरकावून दिला. चारशे बारा. सिंधूसारख्या किती जणी? ज्यांना घरी पाठवताना तिने स्वतः कागद छापून हातात दिला होता, त्या किती?

दिगंबरने दोन्ही आकडे पाहिले. आपल्या नावापुढचं चौसष्ट त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे कुठे बोलणार नाहीस ना?" तो म्हणाला.

"आयोगापुढे बोलणार आहे. गुरुवारी सुनावणी आहे, कलेक्टर कचेरीत."

"वेडी झालीस का? चारशे बारा खोट्या सह्या कबूल करशील? बडतर्फ करतील. पेन्शन जाईल. झाकली मूठ राहू दे ना, उज्ज्वला."

"ती मूठ कोणाच्या गळ्यावर आवळलीय ते बघा आधी."

"चौदा वर्षं गप्प बसलीस, आता निवृत्तीच्या तोंडावरच बरी जाग आली!"

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. "हो," ती म्हणाली. "स्वतःच्या शेपटावर पाय पडला तेव्हाच मी ओरडले. माझी लाज मला आहे. पण म्हणून गप्प बसू?"

त्या रात्री तिने दिगंबरला हाताने वाढून घ्यायला लावलं. सासूबाईंना मात्र तिने नेहमीसारखंच भरवलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

गुरुवारी टेंभेकरांनी तिला सुनावणीआधी आत बोलावलं. तिचा अर्ज त्यांनी वाचला होता. सत्तरीला टेकलेला, टवटवीत माणूस. अध्यक्षपदाला शरीरवयाची अट नव्हती.

"बसा, भिरूडबाई. तुमच्या हाताची सफाई मला अजून आठवते." त्यांनी स्वतः तिच्यापुढे चहा सरकवला. "अहो, पाहणीत थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच. पण तुमच्यासारखी अनुभवी माणसं केंद्रातून जाणं हे नुकसान आहे. मी तुम्हाला सल्लागार म्हणून तीन वर्षं ठेवून घेतो. हा अर्ज मागे घ्या."

"आणि सिंधू कोळी?"

"कोण सिंधू कोळी?"

"बस चालवते. तिलाही सल्लागार करा ना."

टेंभेकरांचा चेहरा बदलला. "हे पहा, बाई, अकरा हजार नमुन्यांवर कायदा उभा आहे. तुम्ही स्वतःच म्हणता, 'मी खोटं लिहिलं'. खोटं लिहिणाऱ्या बाईच्या शब्दावर राज्याने विश्वास का ठेवावा?"

"माझ्या शब्दावर ठेवू नका. बाही वर करा." तिने पिशवीतून दोन नळ्या काढून त्यांच्या चहाशेजारी ठेवल्या. "एक आत्ता यंत्रात घालते, दुसरी इथे या टेबलावर राहू द्या. पंखा बंद करा. संध्याकाळच्या चहापर्यंत तुम्ही सहा वर्षांनी म्हातारे व्हाल. तुमची बायको हयात असो की नसो."

टेंभेकरांनी बाही वर केली नाही. त्यांनी घंटी वाजवली.

सुनावणीत तिला सहा मिनिटं मिळाली. तिने बर्फ, पन्हं, डबा, रकाना, विधवांच्या नळ्यांचा फ्रीज सगळं सांगितलं. पन्ह्याच्या उल्लेखावर दोन सदस्य हसले. तिने तिघांचे आकडे पुढे ठेवले, ते कारकुनाने नोंदवून घेतले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून ती गेली होती, पण शेवटच्या मिनिटाला तो चढलाच. "तुमच्या घरच्या बायका मोजा!" ती ओरडली. "त्यांचं ताजं रक्त मोजा आणि मग सांगा मला कोण झिजलंय ते!" शिपायाने तिला दार दाखवलं.

निकाल तीन आठवड्यांनी आला; तोवर तिला निलंबित करून तिची तपासणीही थांबवली होती. दिगंबरने पाकीट फोडलं आणि उभ्यानेच वाचलं. कबुलीजबाबावरून श्रीमती भिरूड दोषी, सेवेतून बडतर्फ, निवृत्तिवेतन जप्त. हे अपेक्षितच होतं. दुसरा परिच्छेद त्याने दोनदा वाचला आणि मग कागद तिच्या हातात दिला.

पाहणीची विहित पद्धत हळदीकुंकू मेळाव्याची होती, असं आयोग म्हणत होता. विधवांचे नमुने मेळाव्याबाहेर, दुसऱ्या दिवशी, आरोग्य केंद्रात घेतल्याचं उघड झाल्यामुळे ते पद्धतीला सोडून ठरतात, सबब बाद. आता विधवांसाठी वेगळी सवलत द्यायला आधार उरत नाही. स्त्रियांमधला भेदभाव दूर करण्यासाठी सहा वर्षांची भर यापुढे सर्व स्त्रियांना सारखी लागू राहील.

उज्ज्वलाने कागद खाली ठेवला. अख्ख्या पाहणीत जे नमुने नीट ठेवलेले होते, तेवढेच त्यांनी फेकून दिले होते. खोट्याला धक्का लागला नव्हता. खरं मात्र तिच्याच तोंडून काढून घेऊन त्यांनी आणखी काही हजार बायका घरी बसवल्या होत्या.

"मी सांगत होतो," दिगंबर म्हणाला.

दुपारी दाराशी दोघी उभ्या होत्या. सिंधू, आणि तिच्यामागे खांद्याला कंडक्टरची पिशवी अडकवलेली एक किरकोळ बाई. उज्ज्वलाने ओळखलं, सुमन इंगळे. तिचं बोट तिने स्वतःच टोचलं होतं.

"आज सकाळी कागद आला मला," सुमन म्हणाली. "साठ वर्षं दोन महिने. नवरा जाऊन सतरा वर्षं झाली, बाई. धाकटी कॉलेजात आहे. तुम्ही खरं बोलल्या आन् माझी नोकरी गेली."

"हो," उज्ज्वला म्हणाली. "गेली. माझ्यामुळे गेली."

"नुसतं हो म्हणू नका. पुढं काय करायचं ते सांगा. तुम्ही शिकलेल्या."

उज्ज्वलाला तपासणीचा छापील अर्ज आठवला. चौदा वर्षं अर्ज भरण्यात गेली होती, पण त्या अर्जाच्या पहिल्याच ओळीकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. 'मी स्वखुशीने रक्त देत आहे.' त्याखाली बाईची सही. ती सही नसेल तर यंत्र चालवायची परवानगी नाही, आणि आकडा नसेल तर निवृत्त कोणालाच करता येत नाही. जबरदस्तीने रक्त काढायचं कलम कायद्यात घालायला ते विसरले होते. बायका आजवर मुकाट्याने हात पुढे करत आल्या, तेव्हा त्याची गरजच कोणाला वाटली नसेल.

"तुम्हा दोघींचे आकडे छापून झालेत," ती म्हणाली. "त्यासाठी कोर्टात जावं लागेल, आणि मी तिथे जेवढ्या वेळा बोलावतील तेवढ्या वेळा येईन. पण डेपोत अजून किती बायकांची तपासणी राहिलीय?"

"एकशे सव्वीस," सिंधू म्हणाली. "या महिन्यात चाळीस."

"त्यांतली एकसुद्धा बोट देणार नाही. सही मागतील, सही करायची नाही. एवढंच. नजमा यंत्रापाशी बसून राहील आणि कोणाचं थेंबभर रक्त येणार नाही. डेपोनंतर शाळा, शाळांनंतर दवाखाने."

"ऐकतील का समद्या?" सुमनने विचारलं.

"ऐकायला लावू. मी चारशे बारा बायकांना फसवून रक्त काढलंय. आता चार हजारांच्या पाया पडून सांगते, देऊ नका म्हणून."

तिने पायात चपला सरकवल्या. आतून सासूबाईंनी हाक मारली, त्यांची जेवायची वेळ झाली होती. लीलाबाई एक तारखेपासून बंद झाली होती. दिगंबर खोलीच्या दारात गोंधळून उभा होता, आज त्याची सुट्टी होती.

"अगं, आईचं जेवण?"

"भात मऊ शिजवलाय, वरण गरम आहे. लहान घास द्या, उजव्या गालात. पाणी चमच्याने. नंतर कुशीवर वळवा आणि पाठीला पावडर लावा."

"मला नाही जमणार ते. माझी कंबर..."

"तुमचं शरीरवय अठ्ठावन्न आहे," उज्ज्वला म्हणाली. "मी स्वतः मोजलंय, ताज्या रक्तावर. अजून दोन वर्षं तुम्ही कामाचे आहात."

आणि त्या दोघींना घेऊन ती डेपोकडे निघाली.